खेळातला गणवेश

मराठी विभागासाठी लेख मागणारे पत्र दर वर्षी येते आणि दर वर्षी आम्ही माजी छात्र साधारण त्याच विषयांवर लिहितो. शाळेने दिलेली शिस्त, पहाटेची पीटी, मेसमधले रविवारचे जेवण. या विषयांवर माझ्याहून चांगले लिहिणारे पुष्कळ आहेत. म्हणून मी या वेळी एका व्हिडिओ गेमच्या मालिकेबद्दल लिहिणार आहे. तिचे नाव ‘कॉल ऑफ ड्यूटी’. वयाच्या चौदाव्या वर्षापासून पुढे बरीच वर्षे ती मला मनापासून आवडत होती, आणि मग हळूहळू आवडेनाशी झाली. छात्रांना हे नाव माझ्याइतकेच पाठ असेल. पालकांना आणि उस्तादांना ते ऐकूनच थोडी धास्ती वाटेल. सर्वांनी जरा धीर धरावा. खेळ चांगले की वाईट, हा वाद घालायला मी बसलेलो नाही. एखाद्या गोष्टीतला उत्साह संपतो तेव्हा नेमके काय संपते, एवढेच मला सांगायचे आहे. छात्राला हा प्रश्न आयुष्यात कधी ना कधी पडतोच.

माझे वडील हवाई दलात होते. मी आठवीत असताना त्यांची बदली दिल्लीला झाली आणि पुढे शाळा संपेपर्यंत माझी प्रत्येक सुट्टी पुणे स्टेशनवर झेलम एक्सप्रेसमध्ये ट्रंक चढवण्यापासून सुरू झाली. आम्ही दिल्ली कॅन्टोन्मेंटजवळ सुब्रतो पार्कच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. नववीच्या दिवाळीत, म्हणजे २००४ मध्ये, वडिलांनी नेहरू प्लेसमधून सुटे भाग घेऊन एक संगणक जोडून आणला. त्या काळात दिल्लीतल्या मुलांना दोन तीर्थक्षेत्रे होती. संगणकासाठी नेहरू प्लेस आणि त्यावरच्या खेळांसाठी कनॉट प्लेसमध्ये जमिनीखाली असलेला पालिका बाजार. गोलाकार बोळ, कपड्यांची दुकाने, घासाघीस करणारे ग्राहक आणि मध्येच काचेच्या काउंटरवर रचलेले सीडींचे ढीग. तिथून माझ्या आतेभावाने ‘कॉल ऑफ ड्यूटी’ आणला. तो खेळ आदल्या वर्षी, ऑक्टोबर २००३ मध्ये, बाजारात आला होता.

दुसऱ्या महायुद्धावरचे खेळ तेव्हाही होते. पण याची गोष्ट वेगळी होती. त्यात तुम्ही कधी अमेरिकन छत्रीधारी सैनिक म्हणून नॉर्मंडीत उतरता, कधी ब्रिटिश सैनिक म्हणून पेगॅसस पूल ताब्यात घेता, कधी रशियन शिपाई म्हणून व्होल्गा ओलांडून स्टालिनग्राडमध्ये शिरता. तो स्टालिनग्राडचा प्रसंग मी आजही विसरलेलो नाही. होडीतून उतरल्यावर प्रत्येकाला रायफल मिळत नाही. माझ्या हातात फक्त काडतुसांची एक क्लिप ठेवली गेली. बंदूक शेजारच्याकडे. चौदा वर्षांच्या मुलाने खेळ सुरू केला तो गोळ्या झाडण्यासाठी, आणि खेळ त्याला सांगतो की आधी नुसता जीव वाचवत पुढे सरक. आजूबाजूला सतत कोणी ना कोणी असायचे. कोणी धूर सोडतो, कोणी दार फोडतो, कोणी आपल्या आधी पडतो. युद्धात एकटा कोणी लढत नसतो, हे त्या पहिल्या खेळाचे सूत्र होते आणि ते खेळताना जाणवायचे.

सुट्टी संपली की संगणक दिल्लीत राहायचा आणि खेळ माझ्या डोक्यातून शाळेत यायचा. आमच्या डॉर्मिटरीत माझ्या शेजारच्या पलंगावर मराठवाड्यातला एक मुलगा होता. त्याच्या घरी संगणक नव्हता. लाइट्स आउटनंतर कुजबुजत्या आवाजात मी त्याला एकेक मोहीम सांगायचो आणि तो पोटाशी उशी घेऊन ऐकायचा. पेगॅसस पुलाचा नकाशा आम्ही भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर काढला होता. त्याने तो खेळ प्रत्यक्ष पाहिला दोन वर्षांनी. तोवर त्याला तो माझ्यापेक्षा चांगला पाठ झाला होता.

एकदा असाच आमचा वाद एका उस्तादांनी ऐकला. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले हवालदार, आम्हाला मॅप रीडिंग शिकवायचे. त्यांनी विचारले, “तुमच्या त्या खेळात इटली आहे का?” आम्ही म्हणालो, “नाही, उस्ताद.” ते म्हणाले, “मग आपली पलटण त्यात नाही,” आणि उभ्या उभ्या त्यांनी आम्हाला शिपाई नामदेव जाधवांची हकिकत सांगितली.

९ एप्रिल १९४५. इटलीतली सेनियो नदी. नामदेव जाधव हे पहिल्या मराठा बटालियनमध्ये कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप पोचवणारे. नदी ओलांडून पलीकडच्या बांधावर हल्ला करताना शत्रूच्या मशिनगनने आजूबाजूची माणसे पाडली. जाधवांनी एका जखमीला उचलले, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणले, आणि परत जाऊन दुसऱ्यालाही आणले. त्यानंतर ते पुन्हा उलटे गेले. एक मशिनगन बंद केली. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्ब वापरले आणि आणखी दोन ठाणी संपवली. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून, मराठ्यांची युद्धघोषणा देत, मागच्यांना हात करून पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे. उस्तादांनी एवढे सांगितले आणि म्हणाले, “रनर होता. त्याचं काम चिठ्ठी न्यायचं होतं. लक्षात ठेवा.”

त्या दिवसापासून मालिकेचा नवा भाग आला की मी आधी इटली शोधायचो. २००५ च्या दुसऱ्या भागात उत्तर आफ्रिका आली, एल अलामेन आले. तिथे तर आपली चौथी भारतीय डिव्हिजन प्रत्यक्ष लढली होती. खेळात मात्र मी ब्रिटिश शिपाईच होतो. त्या भागातली एक गंमत सांगतो. रशियन मोहिमेच्या सुरुवातीला हातबॉम्ब फेकायचा सराव चालतो आणि त्यासाठी हातात बटाटे दिले जातात. खरे हातबॉम्ब शिकाऊ सैनिकावर वाया घालवायचे नाहीत म्हणून. आम्ही मेसमधला एक बटाटा पळवून तो सराव मैदानावर करून पाहिला होता. इतका तो खेळ आमच्या अंगात भिनला होता.

आता महत्त्वाच्या भागाकडे येतो.

बारावीनंतर आम्ही दोघांनी एनडीएची लेखी परीक्षा दिली आणि दोघेही उत्तीर्ण झालो. पुढे एसएसबी. पाच दिवस. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स झाली, आम्हा उमेदवारांना एका खोलीत बसवले आणि निवडलेल्यांचे चेस्ट नंबर वाचले गेले. माझा नंबर त्यात नव्हता. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो, पुन्हा पाचही दिवस राहिलो आणि पुन्हा कॉन्फरन्समधून परतलो. वयोमर्यादा संपली. माझा मित्र पहिल्याच प्रयत्नात निवडला गेला आणि खडकवासल्याला गेला. मी पुण्यात अभियांत्रिकीला गेलो. कोणावर राग धरावा असे त्यात काही नव्हते. वर्गातल्या बहुसंख्य मुलांचे तेच झाले. आपल्या मासिकात निवड झालेल्यांचे फोटो छापले जातात, ते योग्यच आहे. पण बाकीचे कुठे जातात हेही कोणीतरी लिहायला हवे, म्हणून हा उल्लेख.

मी कुठे गेलो? मी ‘मॉडर्न वॉरफेअर’मध्ये गेलो. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये आलेला तो मालिकेचा चौथा भाग. दुसरे महायुद्ध मागे पडून आजचे युद्ध आले होते. अभियांत्रिकीच्या वसतिगृहात तो लॅनवर चालायचा. एका मजल्यावरचे दहा-बारा संगणक एका वायरीने जोडलेले आणि रात्री दहानंतर सगळा मजला दोन तुकड्यांत विभागलेला. त्याच्या मल्टिप्लेअरमध्ये ५५ पायऱ्या होत्या. सुरुवात प्रायव्हेटपासून, शेवट कमांडरवर. सलग तीन जणांना मारले की शत्रूचे ठिकाण दाखवणारे रडार, पाच मारले की हवाई हल्ला, सात मारले की हेलिकॉप्टर. जितके खेळाल तितक्या फिती. जी फीत मला प्रत्यक्षात खांद्यावर लावता आली नव्हती, ती पडद्यावर दर आठवड्याला मिळत होती. पुढच्या भागांत ‘प्रेस्टीज’ नावाचा प्रकारही होता. सगळ्यात वरच्या पायरीवर पोचलात की स्वखुशीने पुन्हा पहिल्या पायरीवर जायचे आणि बदल्यात नावापुढे एक नवे चिन्ह लावायचे. मी ते अनेकदा केले. तेव्हा मला ते खेळ म्हणूनच आवडत होते आणि खेळ म्हणून ते उत्तमच होते. पण त्या वर्षांत मी तो गणवेश अंगावरून उतरवलाच नाही, हे मला फार पुढे कळले.

२०१२ मध्ये नोकरी नोएडाला लागली. नकाशांचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, म्हणजे उस्तादांचे मॅप रीडिंग इथे थेट कामाला आले. त्याच वर्षी मित्र डेहराडूनहून अधिकारी होऊन बाहेर पडला. वडील निवृत्त होऊन गावी गेले होते आणि दिल्ली आता माझी एकट्याची होती. सेक्टर ६२ मधल्या भाड्याच्या घरात मी आणि जुने चार सवंगडी रात्री इंटरनेटवर भेटायचो. एक पुण्यात, एक बंगळुरूत, दोघे गुरुग्रामला.

या मालिकेचा नवा भाग दर वर्षी, बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास यायचा. दिल्लीत त्याच दिवसांत धुरके उतरते. पंजाब-हरियाणातला पराली जाळल्याचा धूर, दिवाळीच्या फटाक्यांचा धूर आणि थांबलेला वारा. खिडक्या बंद, मैदाने रिकामी. बाहेर धावायला जायचे नाही म्हटल्यावर घरात बसून नवा भाग खेळायला याहून चांगले निमित्त कोणते? माझ्या डोक्यात त्या वासाची आणि त्या खेळाची सांगड इतकी पक्की बसली आहे की आजही नोव्हेंबरमध्ये घसा खवखवला की मला बंदूक रिलोड झाल्याचा आवाज आठवतो.

पण दर वर्षी येणाऱ्या गोष्टीचे एक असते. दोन-तीन स्टुडिओ आळीपाळीने भाग तयार करायचे, त्यामुळे खंड पडत नसे. बंदुका नव्या, नकाशे नवे, पण पाचव्या-सहाव्या वर्षी मला पहिल्या दहा मिनिटांतच पुढचे कळायला लागले. इथे आता हेलिकॉप्टर पडणार. इथे आता सोबती दगा देणार. इथे आता सगळे संथ होणार आणि मला एकच गोळी मारायची असणार. आणि एक बदल मला फार सावकाश लक्षात आला. पहिल्या खेळात मी तुकडीतला एक होतो. आता सगळी तुकडी माझी वाट बघत उभी असायची. दार मी उघडल्याशिवाय कोणी आत शिरत नसे. युद्ध माझ्याभोवती फिरत होते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड वॉरफेअर’ आला. त्यात सुरुवातीलाच नायकाचा मित्र मारला जातो आणि त्याच्या अंत्यसंस्काराचा प्रसंग येतो. शवपेटी समोर आहे, माणसे रांगेत उभी आहेत, आणि पडद्यावर सूचना येते की श्रद्धांजली वाहण्यासाठी ‘एफ’ हे बटण दाबा. बटण दाबले की नायक हात शवपेटीवर ठेवतो. संपले. त्या बटणाची जगभर इतकी थट्टा झाली की आज तुमच्यापैकी अनेक जण मोबाइलवर कोणाचे काही बिघडले की नुसते ‘एफ’ लिहितात. ते इथून आले. आम्ही पाचही जण त्या रात्री हेडफोनवर खूप हसलो. मीही हसलो.

हसू थांबल्यावर मला बरार स्क्वेअर आठवला. दिल्ली कॅन्टोन्मेंटमधली ती जागा सैनिकांच्या अंत्यसंस्कारांसाठी आहे. अकरावीच्या सुट्टीत वडील मला त्यांच्या युनिटमधल्या एका सार्जंटच्या अंत्यसंस्काराला घेऊन गेले होते. मी शाळेच्या सवयीने सावधानमध्ये उभा राहिलो. ‘शोक शस्त्र’ झाले, बंदुकांच्या नळ्या खाली गेल्या. बिगुलावर लास्ट पोस्ट वाजले. मग दोन मिनिटे शांतता. शाळेत आपण दोन मिनिटांची शांतता कितीदा पाळतो, पण ती दोन मिनिटे मला कधी इतकी लांब वाटली नव्हती. समोर त्या सार्जंटचा मुलगा उभा होता, माझ्याहून लहान. तिथे करण्यासारखे काहीही नव्हते. फक्त उभे राहायचे होते, आणि तेच फार अवघड होते.

त्या खेळावर मी रागावलो नाही. खेळात काहीतरी करायला द्यावेच लागते, नुसते उभे राहा असे खेळ सांगू शकत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी तो उघडला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सवंगड्यांनी बोलावले की जायचो, पण बोलावणे आले नाही तर बरे वाटायचे. उत्साह असा धाडकन जात नाही. आधी आपण इतरांसाठी खेळतो, मग पैसे दिलेत म्हणून, मग जुन्या आठवणींसाठी.

२०१७ मध्ये मालिका पुन्हा दुसऱ्या महायुद्धाकडे वळली. तीच नॉर्मंडी, तोच किनारा. जखम आपोआप भरून येण्याची सोयही त्या भागाच्या कथेत काढून टाकली होती. मलमपट्टीसाठी तुकडीतल्या सोबत्याकडे हात पसरावा लागायचा. म्हणजे मला जे हवे होते असे मी तीन वर्षे म्हणत होतो, ते सगळे परत आले होते. मी पहिली मोहीम खेळलो. छान होती. दुसरी अर्धी खेळलो आणि थांबलो. मालिका जिथून निघाली होती तिथे ती परतली होती, पण मी तिच्यासोबत परतलो नव्हतो. तेव्हा मला कळले की प्रश्न नव्या-जुन्या भागांचा नव्हताच.

पुढचे काही महिने बरे गेले नाहीत. रात्रीचा वेळ रिकामा झाला आणि त्या रिकाम्या वेळात जे आले, ते नऊ-दहा वर्षे थांबून राहिलेले होते. ती एसएसबीची खोली, वाचले जाणारे चेस्ट नंबर, आणि स्टेशनपर्यंतच्या गाडीत कोणीच न बोलणारी मुले. अठराव्या वर्षी जे दुःख करायला हवे होते, ते मी सत्ताविसाव्या वर्षी केले. मधली वर्षे त्या खेळाने मला एक उसना गणवेश दिला होता. त्याबद्दल मी खेळाचे आभारच मानतो. पण उसनी वस्तू कधीतरी परत करावी लागते.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये मित्र सुट्टीवर जाताना दोन दिवस माझ्याकडे राहिला. रात्री जेवण झाल्यावर मी त्याला म्हणालो, “लावू का? तुला पाठ होता तो जुना पहिला भाग आहे माझ्याकडे.” तो दहा मिनिटे खेळला आणि माउस बाजूला ठेवून म्हणाला, “यात कोणी वाट बघत नाही रे.” मी विचारले, “म्हणजे?” तो म्हणाला, “आमचं निम्मं काम वाट बघण्याचं असतं. हवामान सुधारायची वाट, गाडीची वाट, रेशनची वाट, सेन्ट्री बदलायची वाट. जवान वाट बघताना कसा वागतो त्यावर सगळं कळतं. यात ते नाहीच.”

मग मी त्याला कधी न विचारलेले विचारले. “तुझा उत्साह टिकला का?” तो हसला. म्हणाला, “एनडीएच्या दुसऱ्या टर्ममध्येच संपला होता. पहाटे उठताना रोज वाटायचं, बस झालं. पण शेजारच्या पलंगावरचा उठायचा, म्हणून मीही उठायचो. पुढे कधीतरी परत आला. पुन्हा गेला. आता मी त्याच्याकडे बघतच नाही.”

छात्रांनो, या एका उत्तरासाठी मी हा लेख लिहिला. आपल्याला शाळेत जोश शिकवतात, आणि तो हवाच. पण जोश कमी झाला की आपण घाबरतो. आपल्यातच खोट आहे असे वाटते. खरे म्हणजे रोज करायच्या कोणत्याही गोष्टीतला उत्साह कधी ना कधी ओसरतो. पीटीतला ओसरतो, अभ्यासातला ओसरतो, क्रिकेटमधला ओसरतो. तो ओसरल्यावर मागे काय उरते ते पाहायचे. पीटीतला उत्साह ओसरला तरी दम वाढलेला असतो, पाय तयार झालेले असतात आणि शेजारी धावणारा असतो. तिथे धावत राहावे, उत्साह पाहुण्यासारखा येतो-जातो. आणि जिथे उत्साह ओसरल्यावर नुसती सवय उरते, तिथून शांतपणे उठावे. त्यात हार नाही.

माझ्या बाबतीत खेळ ओसरल्यावर अगदीच काही उरले नाही, असे मात्र झाले नाही. उस्तादांची इटली उरली. मी दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैन्याबद्दल वाचू लागलो. त्या युद्धात आपल्याकडचे सुमारे २५ लाख लोक सैन्यात होते, सगळे स्वेच्छेने भरती झालेले. मग एका रविवारी पुन्हा बरार स्क्वेअरला गेलो. तिथेच दिल्ली वॉर सिमेट्री आहे. स्वातंत्र्यानंतर, १९५१ पासून, उत्तर भारतातल्या ठिकठिकाणच्या दफनभूमींतली सैनिकांची थडगी तिथे एकत्र आणली गेली. एक हजाराहून अधिक थडगी आहेत. एका मापाचे, एका रांगेतले दगड, आणि त्यांवर नाव, पलटण, तारीख, वय. १९, २१, २३. त्याच आवारात अविभाजित भारताच्या २५ हजारांहून अधिक सैनिकांचेही स्मारक आहे. त्यांचे दहन झाले किंवा थडगी सांभाळणे शक्य नव्हते, म्हणून त्यांची नावे नोंदवहीत आहेत. तिथे करण्यासारखे काही नसते. फक्त रांगेतून चालायचे आणि वाचायचे. मला त्याचा कंटाळा अजून आलेला नाही.

२५ फेब्रुवारी २०१९ ला इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन झाले. तिथे एकात एक चार चक्रे आहेत, आणि त्यांतल्या त्याग चक्राच्या भिंतींवर एकेका ग्रॅनाइटच्या विटेवर एकेका हुतात्म्याचे नाव आहे. जवळच परमवीर चक्र मिळवणाऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. मी तिथे गेलो की सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्यासमोर थांबतो. कारवारकडचे राणे बॉम्बे सॅपर्समधले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रणगाड्यांसाठी त्यांनी रस्ता मोकळा केला. सुरुंग काढले, आडवी पाडलेली झाडे हटवली, जखमी असूनही दिवस-रात्र. एका ठिकाणी ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत, दोरीच्या खुणेने चालकाला दिशा देत पुढे गेले. रस्ता मोकळा करणाऱ्या माणसाच्या नावावर किती शत्रू मारले याचा आकडा नसतो. पाच किंवा सात मोजणाऱ्या कोणत्याही पाटीवर त्यांना गुण मिळाले नसते.

पालकांसाठी दोन शब्द. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात ‘पब्जी मोबाइल’ होता. आमच्या सोसायटीत त्या संध्याकाळी काही आईवडिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आठवड्याभरात त्यांची मुले दुसरा खेळ खेळत होती. पुढच्या जुलैत तोच खेळ नव्या नावाने आलाही. बंदीमागची कारणे सरकारची होती आणि ती वेगळी होती. घरातला प्रश्न त्याने सुटणार नव्हता. मुलगा खेळात रमला असेल तर मोबाइल काढून घेण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, यात तू कोण असतोस? तुझ्याबरोबर कोण असते? माझ्या वडिलांनी मला ते विचारले असते तर मी काय उत्तर दिले असते कोण जाणे. पण आमच्या उस्तादांनी एकदा विचारले होते, “इटली आहे का?” त्या एका प्रश्नाने मला त्या खेळापेक्षा जास्त वर्षे साथ दिली.

तुमच्यापैकी कोणी येत्या जानेवारीत एनसीसीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरासाठी दिल्लीला येणार असेल, तर तुमचा मुक्काम कॅन्टोन्मेंटमध्येच असेल. तिथून बरार स्क्वेअर लांब नाही. अधिकाऱ्यांची परवानगी काढा आणि एक तास तिथे घालवा. आणि ज्यांना पुढच्या वर्षी एसएसबीला जायचे आहे, त्यांना मनापासून शुभेच्छा. तुमचा नंबर वाचला जावा. नाहीच वाचला गेला, तर शाळेच्या कार्यालयात माझा फोन नंबर आहे. परतीच्या गाडीत बसल्यावर लावा. मी नोएडात असतो आणि रात्री उशिरापर्यंत जागा असतो.